डम्प आहे का?

आमच्या आयटीच्या क्षेत्रात कुणी सर्टिफिकेशनची परीक्षा द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मटेरियल आहे का?" परीक्षेत नेमकं काय विचारतात हे कुणी विचारत नाही, आणि ती कशासाठी द्यायची हे तर त्याहून नाही. मग थोडं इकडचं तिकडचं बोलणं होतं, आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो, "डम्प आहे का?" डम्प म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नोत्तरांचा संच.

परवा टीममधल्या एका मुलाने मला हेच विचारलं. त्याला सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, द्यायची होती. त्याच्याकडे एक फोल्डर आधीच साठलं होतं, आणि ते त्याने मोठ्या विश्वासाने उघडून दाखवलं. तीन वेगवेगळ्या शिक्षकांचे व्हिडिओ कोर्स, चार पीडीएफ, कुणाच्या तरी वहीचे तिरके फोटो, आणि एक जाडजूड पुस्तक, तेही परीक्षेच्या जुन्या आवृत्तीचं. "यातलं नक्की काय करू, सर?" मला हसता आलं नाही. असंच एक फोल्डर माझ्याही डिस्कवर कित्येक वर्षं पडून होतं. त्यातल्या निम्म्या फायली मी उघडल्याही नव्हत्या, पण त्या आहेत एवढ्यानेच अभ्यास चालू असल्याचं समाधान मिळायचं.

कुठलं साहित्य चांगलं आणि कुठलं टाकाऊ, यावर सल्ला देणारे पैशाला पासरी आहेत. मला त्यात भर घालायची नाही. मी निवडीची एकच कसोटी लावतो आणि ती सगळ्यांनी लावावी असं माझं मत आहे: हे साहित्य मला चूक ठरवू शकतं का? मी चुकलो, कुठे चुकलो आणि का चुकलो, हे ज्यातून कळतं ते अभ्यासाचं साहित्य. बाकीची सगळी करमणूक, मग ती कितीही ज्ञानवर्धक असो. या कसोटीवर डम्प पहिल्याच फटक्यात बाद होतो. पण त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही बाद होतं, आणि ते बाद करताना हात जड होतो, कारण त्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात.

सुरुवात मात्र फुकटच्या कागदापासून करायची. परीक्षेत काय काय येऊ शकतं याची यादी प्रत्येक संस्था स्वतःच जाहीर करते. सिस्को तिला एक्झाम टॉपिक्स म्हणते, कॉम्पटिया ही प्रमाणपत्रं देणारी संस्था ऑब्जेक्टिव्ह्ज म्हणते, एडब्ल्यूएस ही ॲमेझॉनची क्लाउड कंपनी एक्झाम गाइड म्हणते. नावं वेगळी, पण कागद एकच आणि तो सगळ्यात कमी वाचला जातो. लोक तो डाउनलोड करतात, वरचेवर नजर टाकतात, "हो, हे सगळं येतंच की" म्हणतात आणि व्हिडिओ लावतात. पण साहित्याची निवड खरं तर याच कागदावर व्हायला हवी. सीसीएनएच्या यादीत सहा विभाग आहेत आणि प्रत्येकाचं वजन दिलेलं आहे. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी (म्हणजे मुख्यतः राउटिंग) २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. राउटिंगवर पाव परीक्षा उभी आहे हे समोर लिहिलेलं असताना माणसं पहिले तीन आठवडे ओएसआय मॉडेलच्या सात थरांची नावं घोकण्यात घालवतात. पहिला व्हिडिओ त्याचाच असतो, दुसरं काय!

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या यादीतली क्रियापदं. सिस्को कुठे ‘डिस्क्राइब’ लिहिते, कुठे ‘कम्पेअर’, तर कुठे ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’. हा शब्दांचा फुलोरा नाही. जिथे ‘वर्णन करा’ आहे तिथे एक चांगलं प्रकरण वाचून आणि पुस्तक मिटून ते स्वतःच्या शब्दांत लिहून भागतं. जिथे ‘कॉन्फिगर करा आणि तपासा’ आहे तिथे जगातलं कुठलंही पुस्तक अपुरं पडतं, तिथे कमांड मारायला जागा लागते. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं) आणि एकाच एरियातलं ओएसपीएफ (राउटरना एकमेकांकडून वाटा कळवणारा प्रोटोकॉल) ‘कॉन्फिगर’च्या रांगेत आहेत, डीफॉल्ट गेटवेला पर्याय पुरवणारे प्रोटोकॉल ‘वर्णन करा’च्या. म्हणजे कुठे वाचायचं आणि कुठे हात काळे करायचे याचा निवाडा परीक्षा घेणाऱ्याने स्वतःच करून ठेवला आहे. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की यादी छापून घे, दोन रंगांचे पेन घे आणि फक्त क्रियापदं रंगव. त्याचा चेहरा सांगत होता की त्याला हे नको होतं.

याच कागदावर परीक्षेचा क्रमांक असतो, आणि तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या क्रमांकाशी ताडून बघावा. बावळटपणाचा सल्ला वाटेल, पण मी लोकांना याच दगडाला ठेचकाळताना पाहिलंय. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० रोजी सीसीएनएच्या अनेक वाटा बंद करून २००-३०१ ही एकच परीक्षा ठेवली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच परीक्षेची १.१ आवृत्ती आणली. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसची एसवाय०-७०१ ही परीक्षा नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि आधीची ६०१ जुलै २०२४ मध्ये निवृत्त झाली. जुन्या पुस्तकातलं सगळंच वाया जात नाही, सबनेटिंग (नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं) आणि टीसीपी तसेच राहतात. पण काय गेलं, काय आलं आणि कशाचं वजन बदललं हे जुनं पुस्तक कसं सांगणार? स्वस्तात मिळालेली जुनी प्रत म्हणून तर स्वस्त असते.

आता व्हिडिओ. मी व्हिडिओंच्या विरोधात नाही. एखादी कल्पना पहिल्यांदा डोक्यात शिरायला चांगल्या शिक्षकाच्या वीस मिनिटांसारखं दुसरं काही नाही. तक्रार पुढची आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, आणि तिथेच घात होतो. समोरचा माणूस हुशार असतो, त्याच्या कमांड पहिल्या फटक्यात चालतात, त्याचा राउटर कधी रुसत नाही. आपण मान डोलावतो आणि त्याची समज आपली समजतो. चाळीस तासांचा कोर्स दीडपट वेगाने संपवून मी एकदा परीक्षेला बसलो होतो. व्यवस्थित नापास झालो. निकालाच्या कागदावर विभागवार टक्के बघताना लक्षात आलं, की ज्या विभागाचे व्हिडिओ मला सगळ्यात जास्त आवडले होते तिथेच सगळ्यात कमी गुण होते.

यात माझा एकट्याचा मूर्खपणा नव्हता, एवढं तरी संशोधन माझ्या बाजूने सांगतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं, लिहून काढणारे पुढे गेले. आणि गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. अधोरेखित करणं, पुन्हा वाचणं या आपल्या लाडक्या सवयी फारशा कामाच्या नाहीत, आणि स्वतःची चाचणी घेणं व अभ्यास दिवसादिवसांवर पसरवणं या सवयी कामाच्या आहेत, हे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन मांडलं. पिवळ्या हायलायटरने रंगलेलं माझं पुस्तक अजून कपाटात आहे. दिसायला फार सुंदर दिसतं.

लॅब मात्र खोटं बोलत नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते. समोर मशीन असतं, कामं दिलेली असतात, इंटरनेट नसतं, मशीनवरची मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपानं, मात्र उघडता येतात. आणि एक अट असते: केलेलं सगळं रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. तयारी करताना मी एका रात्री नवीन पार्टिशन बनवलं, फाइल सिस्टीम टाकली, हाताने माउंट केलं, म्हणजे सिस्टीमला जोडलं, सगळं झकास. मग बूटच्या वेळी ते आपोआप माउंट व्हावं म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये ओळ लिहिली आणि मशीन रीबूट केलं. मशीन वर येईना. काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडचा संदेश आणि रूटच्या पासवर्डची मागणी. यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा ओळखक्रमांक, टाइप करताना एक अक्षर चुकलं होतं. तो शोध, ती दुरुस्ती आणि पुन्हा रीबूट यात तासभर गेला असेल. पण ‘रीबूटच्या आधी माउंट -ए चालवून बघावं, चूक असेल तर ती तिथेच ओरडते’ हे वाक्य मी त्याआधी दोन पुस्तकांत वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, ठाऊक झालं त्या रात्री. त्यानंतर आजतागायत एफएसटॅबला हात लावल्यावर माझी बोटं आपसूक ती कमांड मारतात.

अशी जागा मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीतून फुकट मिळतं. ते खऱ्या उपकरणाची नक्कल आहे, सगळ्या कमांड त्यात नाहीत, पण सीसीएनएपुरतं पोटभर आहे. लिनक्ससाठी लॅपटॉपवर एखादं व्हर्च्युअल मशीन पुरतं, आणि बिघडवण्याआधी स्नॅपशॉट घेऊन ठेवला की निर्धास्त बिघडवता येतं. क्लाउडवर सराव करणाऱ्याने तेवढं एक पथ्य पाळावं: पहिल्या दिवशी सर्व्हर उभा करण्याआधी बजेटचा अलर्ट लावावा. विसरलेला नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणारी सेवा) तासातासाला बिल वाढवत बसतो, त्याला तुमच्या परीक्षेशी काही देणंघेणं नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डम्पविरुद्ध नेहमी नीतीचा मुद्दा मांडला जातो, आणि तो खराच आहे. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर आपण मान्यता देतो, डम्पची साखळी तो करार मोडूनच चालते. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांची दारं बंद होऊ शकतात. २००२ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न वेबसाइटवरून विकणाऱ्या एका माणसाने व्यापारी गुपितं चोरल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला होता. पण माझ्या अनुभवात नीतीच्या गोष्टीने कुणाचा हात थांबत नाही. "सगळेच करतात" या चार अक्षरी मंत्रापुढे ती टिकत नाही. (अक्षरं मोजू नका, मंत्र आहे.) म्हणून मी वेगळ्या बाजूने बोलतो: डम्प हे साहित्य म्हणूनच निकृष्ट आहे.

विचार करा, डम्प बनतो कसा? कुणीतरी परीक्षा देऊन बाहेर येतो आणि आठवतील तसे प्रश्न लिहून काढतो. उत्तरं कुठून येतात? परीक्षा घेणाऱ्या संस्था कुठला प्रश्न बरोबर आला आणि कुठला चुकला हे उमेदवाराला सांगत नाहीत, फार तर विभागवार कामगिरी सांगतात. म्हणजे डम्पमधलं ‘बरोबर उत्तर’ हा एका घाईत असलेल्या, कदाचित नापास झालेल्या माणसाचा अंदाज असतो. त्यात आणखी एक मेख आहे. एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत ६५ प्रश्न असतात, पण गुण ५० प्रश्नांनाच असतात. उरलेले १५ चाचपणीचे असतात आणि ते कोणते हे सांगितलं जात नाही. आठवणीतून लिहिणारा तेही तितक्याच श्रद्धेने लिहितो. अशा कागदावर लोक आपले पैसे, वेळ आणि नाव लावतात, आणि त्याला शॉर्टकट म्हणतात.

समजा उत्तर बरोबर आहे. तरी त्यातून हाताला काय लागतं ते बघू. डम्पमध्ये प्रश्न आहे: १९२.१६८.१०.७७ हा पत्ता, मास्क /२६ (म्हणजे पत्त्याचे पहिले २६ बिट नेटवर्कचे), तर नेटवर्कचा पत्ता कोणता? उत्तर ‘क’, १९२.१६८.१०.६४. पाठ केलं, झालं. परीक्षेत पत्ता आला १४० ने संपणारा आणि मास्क /२७. आता ‘क’ काय कामाचा? ज्याने हाताने चारदा मांडलंय त्याला माहीत असतं, की /२६ मध्ये चौसष्टाचे गठ्ठे पडतात आणि ७७ हा ६४ ते १२७ च्या गठ्ठ्यात बसतो. /२७ मध्ये बत्तिसाचे पडतात, तेव्हा १४० हा १२८ ते १५९ मध्ये जातो आणि नेटवर्कचा पत्ता १२८. अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्याने एक उत्तर साठवलं, दुसऱ्याकडे उत्तरांची टांकसाळ आहे.

क्लाउडचं एक उदाहरण घेतो, कारण तिथे नुसत्या गणिताने सुटका होत नाही. प्रश्न असा असतो: वेब सर्व्हरच्या सबनेटच्या नेटवर्क एसीएलमध्ये (सबनेटच्या वेशीवरच्या नियमांत) ४४३ पोर्टवर आत येणारी रहदारी खुली केली, सिक्युरिटी ग्रुपमध्येही (सर्व्हरच्या दारावरच्या नियमांत) केली, तरी साइट उघडत नाही, का? डम्प सांगतो, ‘आउटबाउंड नियम जोडा’. चांगला प्रश्नसंच इथे थांबत नाही. तो सांगतो, की सिक्युरिटी ग्रुपला आत आलेलं कनेक्शन आठवतं, म्हणून त्याचं उत्तर तो आपोआप बाहेर जाऊ देतो. नेटवर्क एसीएलला काहीच आठवत नाही. त्याच्या दृष्टीने बाहेर जाणारं उत्तर हा एक नवाच वाटसरू असतो, आणि तो ४४३ कडे नाही तर ग्राहकाच्या ब्राउझरने निवडलेल्या तात्पुरत्या, १०२४ च्या वरच्या पोर्टकडे चाललेला असतो. त्या पोर्टसाठी बाहेरचा नियम नसेल तर ब्राउझर चाक फिरवत बसतो. ‘कनेक्शन नाकारलं’ असा संदेश येत नाही, नुसतं लटकतं. हे ‘नुसतं लटकणं’ ज्याने लॅबमध्ये एकदा पाहिलंय, तो रात्री दोन वाजता बंद पडलेल्या साइटसमोर बसल्यावर निम्मा रस्ता आधीच चाललेला असतो. आणि प्रश्नसंच उरलेले तीन पर्याय का चूक हेही सांगतो. माझ्या मते प्रश्नसंच निवडण्याची सगळ्यात भरवशाची खूण हीच: बरोबर उत्तराच्या स्पष्टीकरणापेक्षा चुकीच्या पर्यायांचं स्पष्टीकरण वाचा. तिथे लेखकाने टाळाटाळ केली असेल तर पुढे जा. आणि ‘अस्सल परीक्षेतले प्रश्न’, ‘शंभर टक्के पास’ अशा पाट्या जिथे लागल्या असतील तिथून पळ काढा, ती डम्पचीच दुकानं.

इथवर मी सगळा भार उमेदवारावर टाकला. ते अर्धंच खरं आहे. डम्पची भूक उमेदवाराच्या पोटात एकटी जन्मत नाही, तिला वरून खतपाणी मिळतं. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे भागीदार कार्यक्रम बघा. ठरावीक पातळी गाठायची तर भागीदार कंपनीकडे अमुक इतकी प्रमाणित माणसं असावी लागतात. मग वरून खाली मेल येतो, या तिमाहीत एवढी प्रमाणपत्रं हवीत. अभ्यासाला कामातून तास मिळत नाहीत, लॅबचं खातं मिळत नाही, मिळते ती फक्त तारीख. अशा माणसाने डम्प उघडला तर त्याला एकट्याला चोर म्हणणं मला जमत नाही. भरतीतही तेच. प्रमाणपत्र ही अर्ज गाळण्याची चाळणी झाली की लोक चाळणीच्या भोकाच्या मापाचे होतात. नव्वदच्या दशकातच ‘कागदी एमसीएसई’ (मायक्रोसॉफ्टचं ते प्रमाणपत्र आहे, पण काम येत नाही असा माणूस) हा शब्द इंग्रजीत टोमण्यासारखा वापरला जाऊ लागला होता, आणि त्याआधी नोव्हेल कंपनीचं सीएनई प्रमाणपत्र मिळवलेल्यांच्याही वाट्याला तोच आला होता. रोग नवा नाही.

उपाय परीक्षा घेणाऱ्यांच्या हातात बराच आहे, आणि काहींनी तो केलाही आहे. कुबरनेटिस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीची सीकेए ही परीक्षा दोन तास टर्मिनलवर द्यावी लागते. चालू परीक्षेत अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला परवानगी असते, आणि एकदा नापास झालात तर दुसरी संधी त्याच शुल्कात मिळते. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ पासून आपल्या बऱ्याच रोल-आधारित परीक्षांमध्ये मायक्रोसॉफ्ट लर्न हे आपलं माहितीचं संकेतस्थळ उघडू द्यायला सुरुवात केली. घड्याळ मात्र थांबत नाही, म्हणून ज्याला काय शोधायचं तेच माहीत नाही त्याला त्याचा उपयोग शून्य. पुस्तक उघडं ठेवून घेतलेल्या परीक्षेत पाठांतराची किंमत आपोआप घसरते. त्या दुसऱ्या संधीचं मला विशेष कौतुक आहे. स्वतःच्या खिशातून शुल्क भरणाऱ्याला नापास होण्याची जी धास्ती असते, तीच त्याला शेवटच्या आठवड्यात डम्पकडे ढकलते. परीक्षेच्या शुल्कात एक पडणं धरलेलं असावं, ही मागणी मला अजिबात अवास्तव वाटत नाही.

यावर म्हणतील, सगळ्याच परीक्षा प्रात्यक्षिक करा की मग. नाही करता येणार. प्रात्यक्षिक परीक्षा उभी करणं आणि तपासणं जिकिरीचं आणि खर्चाचं काम आहे. शिवाय काही ज्ञान कमांडमध्ये मावत नाही. धोक्याचं मूल्यमापन, धोरण, कुठली जबाबदारी कुणाची, हे तपासायला नीट रचलेला पर्यायी प्रश्नच बरा. पर्यायी प्रश्न वाईट नसतो. ज्यात एक पर्याय उघड बरोबर आणि तीन उघड मूर्ख असतात तो प्रश्न वाईट असतो, आणि असे प्रश्न विचारणाऱ्यांनी डम्पच्या नावाने गळा काढू नये.

"पण सर, वेळच नाही," हा शेवटचा बचाव असतो. नोकरी सांभाळून, घर सांभाळून अभ्यास करणाऱ्याचा वेळ खरंच कमी असतो, ते मी नाकारत नाही. म्हणूनच तर साहित्य कमी हवं. समजावून सांगणारं एक पुस्तक किंवा एक कोर्स, दोन्ही एकदम नकोत. मोडतोड करायला एक जागा. स्पष्टीकरणासह एक प्रश्नसंच. आणि अडलं की थेट अधिकृत डॉक्युमेंटेशन. दुसरं पुस्तक घ्यावंसं वाटतं तेव्हा बहुधा पहिल्या पुस्तकातलं अवघड प्रकरण आलेलं असतं. मी स्वतः किती वेळा सबनेटिंगचं प्रकरण आलं की नवा शिक्षक शोधायला निघालो, त्याचा हिशोब नको. ते एक पुस्तक निवडतानाही मुखपृष्ठ आणि तारे बघण्यापेक्षा दोन प्रकरणं उघडावीत. जे आपल्याला पक्कं येतं त्यावरून पुस्तक खरं बोलतं का ते कळतं. जे अजिबात येत नाही त्यावरून ते शिकवतं का ते कळतं. दोन्ही परीक्षांत उतरणारी पुस्तकं कमी निघतात, त्यामुळे निवड सोपी होते.

सराव चाचणीबद्दल एक कडक नियम मी स्वतःला लावून घेतलाय. पहिल्यांदा सोडवताना आलेले गुण तेवढे खरे. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतातच, पण तेव्हा विषय नाही, चाचणी पाठ झालेली असते. म्हणून चांगला प्रश्नसंच जपून वापरावा लागतो. सुरुवातीलाच सगळा उधळला तर शेवटी स्वतःला मोजायला काही उरत नाही. अलीकडे चॅटबॉटकडून प्रश्न तयार करून घेण्याची सोय झालीय, आणि सरावाला ती वाईट नाही. पण तो चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराच्याच थाटात देतो, चेहऱ्यावर रेष न हलवता. त्याचं प्रत्येक उत्तर डॉक्युमेंटेशनशी ताडण्याची तयारी असेल तर त्याच्यासारखा सोबती नाही. ती तयारी नसेल तर तोही एक डम्पच, फक्त गोड बोलणारा.

त्या मुलाला मी डम्प दिला नाही, कारण माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी दिला नसता हे त्याला कळलं असावं. आठवडाभर तो माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. मग एके रात्री उशिरा मेसेज आला. सोबत पॅकेट ट्रेसरचा स्क्रीनशॉट, दोन स्विच, त्यांच्यामधली ट्रंक (सगळ्या व्हीलॅनची रहदारी वाहणारी जोडणी), एक राउटर, चार पीसी आणि लाल अक्षरांत त्याने स्वतः लिहिलेले पत्ते. "व्हीलॅन २० मध्ये पिंग जात नाहीये. १० मध्ये जातंय. दोन तास झाले. काय बघू?"

उत्तर मला चित्र बघताच दिसलं होतं. मी टाइप करायला घेतलं, पुसलं, परत घेतलं. तेवढ्यात खाली त्याचाच दुसरा मेसेज येऊन पडला.

"थांबा थांबा. सापडलं. ट्रंकवर २० अलाऊच केला नव्हता."